सांगली ते हैदराबाद: ४२० की ५१० किलोमीटर, आणि विमानाने खरंच किती वेळ?

विश्रामबागेतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "सांगली ते हैदराबाद अंतर एका ठिकाणी ४२० किलोमीटर दाखवतंय, दुसरीकडे ५१०. एक संकेतस्थळ तर म्हणतं विमानाने ३२ मिनिटं लागतात. मुलगी हैदराबादच्या गच्चीबावली भागात नोकरीला आहे. डिसेंबरमध्ये तीन दिवसांसाठी आम्ही दोघं, धाकटा मुलगा आणि ७४ वर्षांच्या सासूबाई जाणार. खरं अंतर कोणतं? विमानाने जावं का गाडीने? रात्री दहाला निघून सकाळी पोचावं असा ह्यांचा विचार आहे. गाडीवाल्याने जाऊन-येऊन ११०० किलोमीटर सांगितलेत, तो फसवत तर नाही ना?"

ताई, मी १९९६ पासून सांगलीत गाड्या भाड्याने देतो. सुरुवात एका जुन्या ट्रॅक्सवर झाली, आता चार गाड्या आहेत आणि जोडीला विमानाची तिकिटंही काढून देतो. त्यामुळे गाडीचीच भलामण करावी असा माझा स्वार्थ नाही. दोन्हीकडून माझं पोट चालतं. हैदराबादची वाट स्वतः चाकावर बसून किती वेळा केली याची मोजदाद नाही, पण गाडीत एक वही असते आणि प्रत्येक फेरीला निघताना-पोचताना किलोमीटरच्या काट्याचा आकडा आणि घड्याळ त्यात लिहायची सवय आहे. पुढचं सगळं त्या वहीच्या आधाराने सांगतो.

आधी अंतराचा घोळ. तुम्ही वाचलेले दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते दोन वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. ४२० म्हणजे नकाशावर फूटपट्टी ठेवून मोजलेलं सरळ अंतर. ते तुम्ही घरीही काढू शकता. सांगली साधारण १६.८५ अक्षांश आणि ७४.५६ रेखांशावर, हैदराबाद १७.३९ आणि ७८.४९ वर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, आणि आपल्या भागात रेखांशाचा एक अंश सुमारे १०६. म्हणजे तुम्हाला उत्तरेला ६० किलोमीटर सरकायचंय आणि पूर्वेला ४१७. शाळेतला काटकोन त्रिकोण आठवा, कर्ण येतो ४२१. धाकट्याला बसवा गणिताला, दहा मिनिटांत करेल.

पण त्या रेघेवरून रस्ता जात नाही. ती रेघ विजयपूरच्या थोडी उत्तरेकडून आणि कलबुर्गीच्या थोडी दक्षिणेकडून जाते. आपला चांगला रस्ता मात्र मिरज, कवठेमहांकाळ, नागज, सांगोला, मंगळवेढा करत सोलापूरला चढतो, आणि सोलापूर त्या रेघेच्या जवळजवळ ७० किलोमीटर उत्तरेला आहे. तिथून पुणे-हैदराबाद महामार्ग धरून नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी. म्हणजे आपण आधी वर जातो आणि मग आडवं धावतो. सांगली-सोलापूर १९० ते १९५ आणि पुढे गच्चीबावलीपर्यंत ३१०-३१५, असे सगळे मिळून ५०० ते ५१५. आकडा पक्का देत नाही, कारण कुठून निघता आणि सोलापूर गावातून जाता की बाहेरून, यावर दहा किलोमीटर इकडचे तिकडे होतात.

रस्ता वाकतो त्याला कारणंही असतात. कधी नदी, कधी टेकडी, कधी गाव, आणि कधी झाडसुद्धा. मिरज ते सोलापूर आपण धरतो त्या रत्नागिरी-नागपूर महामार्गाचं काम चालू असताना २०२० साली भोसे गावातला सुमारे चारशे वर्षांचा वड तोडायची वेळ आली होती. लोक उभे राहिले आणि रस्त्याची आखणी बदलली. चाकाला चार मीटर जास्त पडले असतील, पण त्या वळणावर मी कधी कुरकुर केली नाही.

एक अंदाज सांगून ठेवतो, पुढेही उपयोगी पडेल. सपाटीच्या मुलखात सरळ अंतराला सव्वाने गुणलं की गाडीचं अंतर जवळपास येतं. हैदराबादला ते १.२ आहे. सांगली-मुंबई सरळ ३०५, रस्त्याने ३८० च्या आसपास, म्हणजे सव्वापट. घाट आला की हिशोब चढतो. सांगलीहून रत्नागिरी सरळ रेषेत १३४ किलोमीटर, पण आंबा घाट उतरून जाताना काटा पावणेदोनशेच्या पुढे गेलेला असतो.

आता ती ३२ मिनिटं. ती कशी आली असतील ते ओळखणं अवघड नाही. ४२० ला मोठ्या जेट विमानाच्या वेगाने, ताशी आठशेने भागलं की साडेएकतीस येतात. हिशोब बिनचूक, प्रवास खोटा. पहिली गोष्ट, सांगलीला विमान उतरतच नाही. कवलापूरची धावपट्टी आपण सगळे लहानपणापासून ऐकतोय; तिथून प्रवासी विमान उडेल तेव्हा पेढे मी वाटेन. दुसरी गोष्ट, आपल्याला जवळचं विमानतळ कोल्हापूरचं, उजळाईवाडीचं. तिथून हैदराबादला जातं ते पंख्याचं एटीआर विमान, त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. तिसरी गोष्ट, विमान जागेवरून हलणं, धावपट्टीच्या टोकाला जाणं, चढणं, उतरताना रांगेत थांबणं, यातला एकही मिनिट त्या भागाकारात धरलेला नसतो. वेळापत्रकात म्हणूनच सव्वा तासाच्या आसपास दिलेलं असतं.

गंमत अशी की पूर्वेला जायचं म्हणून तुम्ही आधी ५५ किलोमीटर पश्चिमेला जाता. नंतर विमान वळून पुन्हा आपल्याच अंगाला येतं. उजळाईवाडी ते हैदराबाद सरळ रेघ ओढली तर ती नरसोबाच्या वाडीजवळून जाते. म्हणजे दोन-तीन तासांपूर्वी जिथून निघालात त्याच्या शेजारून, वरून.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणूनच सांगतो की विमानाचा वेळ विचारू नका, दारापासून दारापर्यंतचा विचारा. तुमच्या दारातून मोजू. विश्रामबाग ते उजळाईवाडी, जयसिंगपूर-हातकणंगलेमार्गे, मी दीड तास धरतो. सव्वात होतं, पण अंकलीच्या पुलावर किंवा जयसिंगपुरात एखादी ट्रॉली आडवी लागली की तो पाव तास जातो. सामान द्यायचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, त्यामुळे दीड तास आधी पोचायचं. विमानाचे सव्वा ते दीड तास. शमशाबादला उतरून सामान हातात येईपर्यंत अर्धा तास. तिथून बाह्यवळण मार्गाने गच्चीबावली पाऊण ते एक तास. बेरीज करा, पावणेसहा तास. शमशाबादचं विमानतळ गावापासून लांब आहे अशी ओरड लोक करतात, पण गच्चीबावलीकरांना ते सोयीचं पडतं, जुन्या शहरात शिरावंच लागत नाही.

गाडीचं गणित असं: सांगली ते सोलापूर सव्वातीन-साडेतीन तास. सोलापूर ते संगारेड्डी अडीचशेच्या आसपास किलोमीटर, सव्वाचार तास. संगारेड्डीपासून दारापर्यंत एक तास. हे झाले पावणेनऊ. त्यात नाष्टा, जेवण, चहा, सासूबाईंचे पाय मोकळे करायला थांबणं मिळून सव्वा तास घाला, दहा तास होतात. एकट्याने, न थांबता, आठ तासांत गेलो असं सांगणारे भेटतील. जात असतीलही, पण म्हाताऱ्या माणसाला घेऊन नाही. मोबाइलवरचा नकाशा जो वेळ दाखवतो त्यातही कुणी चहा प्यायलेला नसतो. माझा ठोकताळा असा की चौपदरी रस्त्यावर थांब्यांसकट ताशी ५५ पेक्षा जास्त कधी धरू नये, घाटात ३५ आणि शहरात २०.

म्हणजे फरक खरा किती? ३२ मिनिटं विरुद्ध दहा तास नव्हे. पावणेसहा विरुद्ध दहा, म्हणजे सव्वाचार तास. या सव्वाचार तासांची किंमत तुमच्या घरात कोणाला किती, यावर निर्णय ठरतो आणि तो मी करू शकत नाही. चार जणांची जाऊन-येऊन आठ तिकिटं होतात, शिवाय उजळाईवाडीपर्यंतची गाडी आणि तिकडच्या टॅक्स्या वेगळ्या. गाडी एकच, तीन दिवस दारात उभी. पण ज्याला एका दिवसात काम करून परतायचंय त्याला मी गाडी देतच नाही, तिकीट काढून देतो.

विमानात आणखी एक पैज असते, वेळापत्रकाची. एका जुलैत माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाला मी उजळाईवाडीला सोडून परत निघालो होतो. ढग इतके खाली की समोरची झाडं धुरात असल्यासारखी. विमान वर दोन घिरट्या घालून न उतरताच परत गेलं. मी हातकणंगल्यात चहा घेत होतो तेवढ्यात फोन. तसाच मागे फिरलो, त्यांना उचललं आणि थेट हैदराबाद. वहीत त्या दिवसाची ओळ आहे: सांगलीच्या दारातून सकाळी साडेआठ, हैदराबादच्या दारात रात्री दीड. सतरा तास. पैसे परत मिळाले त्यांना, पण ज्या मुलाखतीला चालले होते तिच्या तयारीचा दिवस गेला. पावसाळ्यात तर जोडीला कृष्णा-पंचगंगा असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर होतं, तेव्हा विमानाचं सोडा, सांगलीतून कोल्हापूरला जाणंच बंद झालं होतं. म्हणून आयर्विनचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की मी कोल्हापूरहून उडणाऱ्यांना आदल्या दिवशीच फोन करतो. तुम्ही डिसेंबरात जाताय, त्यामुळे ही भीती नाही. फार तर सकाळचं धुकं.

पुण्याहून विमान घ्यावं का, असंही तुमच्या मनात आलं असेल, कारण तिथे विमानं जास्त. हैदराबादसाठी नको. पेठनाक्यावरून पुणे २३५ किलोमीटर, आणि लोहगाव शहराच्या पलीकडच्या टोकाला. तिथे पोचेपर्यंत साडेपाच तास जातात. तेवढ्या वेळात गाडी उमरग्याच्या पुढे गेलेली असते. दिल्ली-कोलकात्यासाठी पुणं ठीक.

आता यजमानांचा रात्री दहाचा बेत. इथे मी स्पष्टच बोलतो, डिसेंबरात नको. गळीत हंगाम भरात असतो. सांगोला-मंगळवेढा पट्ट्यात रात्रभर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर चालतात. उसाची टोकं दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेली, मागे लाल दिवा नाही, चमकपट्टी धुळीने माखलेली. चौपदरी रस्त्यावर नव्वदने येणाऱ्या गाडीला ती ट्रॉली दिसते तेव्हा बरंच उशीर झालेला असतो. त्यातून एखादा ट्रॅक्टरवाला फाटा जवळ पडावा म्हणून उलट्या बाजूने येतो. माझ्या चालकांना मी ऑक्टोबर ते मार्च रात्री अकरा ते चार या रस्त्यावर पाठवत नाही, भाडं गेलं तरी चालेल.

पहाटे पाचला निघा. रस्ता मोकळा असतो, सातच्या सुमारास उजाडतं तेव्हा तुम्ही मंगळवेढ्याच्या जवळ असता. इथे एक बारीकशी गोष्ट, जी नकाशा सांगत नाही. डिसेंबरात सूर्य आग्नेयेला उगवतो, त्यामुळे मंगळवेढा ते सोलापूर ऊन समोरून, किंचित उजवीकडून येतं, म्हणजे नेमकं चालकाच्या डोळ्यात. काच आतून पुसून ठेवा, बाहेरून सगळेच पुसतात. आणि सव्वाआठ-साडेआठला सोलापुरात नाष्ट्याला थांबा. तोवर सूर्य वर चढतो आणि त्रास संपतो. परतीला उलट होतं. हैदराबादहून सकाळी सातला निघालात तर दुपारी एकपर्यंत सोलापूर, आणि त्यापुढे चार वाजल्यापासून सांगलीपर्यंत मावळतीचं ऊन थेट समोर. त्या दिवशी सोलापुरात जेवण आटोपशीर ठेवा, म्हणजे ऊन तिरपं व्हायच्या आत कवठेमहांकाळ गाठता येईल.

सोलापूरच्या पुढे रस्ता सरळ आणि कंटाळवाणा. झोप येते ती इथेच, उमरगा ते हुमनाबाद. नळदुर्गचा किल्ला वाटेवरच आहे, धाकट्याला पाणीमहाल दाखवायचा असेल तर तास-दीड तास वेगळा काढा, दहा तासांत तो बसणार नाही. जत-विजयपूर-कलबुर्गी असा दुसरा मार्ग नकाशा कधीकधी सुचवतो. रेघेला तो जवळचा दिसतो, पण काट्यावर अंतर वाचत नाही आणि बराचसा रस्ता दुपदरी आहे. विजयपूरचा गोलघुमट बघायचा असेल तरच.

शेवटच्या तासात लोक दोन तास घालवतात ते पटनचेरूला. संगारेड्डी सोडल्यावर पटनचेरूच्या अलीकडे, मुत्तंगीपाशी बाह्यवळण मार्गावर चढायचं आणि गच्चीबावलीला उतरायचं. सरळ गेलात तर मियापूर-कुकटपल्लीच्या गर्दीत शिराल, आणि संध्याकाळी तिथे पायी चालणारा तुमच्या पुढे जातो. पाचला निघालेली गाडी तीनच्या सुमारास पोचते, हाही पहाटे निघण्याचा एक फायदा.

सासूबाईंचं काय, हे तुम्ही थेट विचारलं नाही पण प्रश्नाचा गाभा मला तोच वाटला. गुडघे दुखत असतील तर दहा तास गाडीत बसणं जड जातं, पण दर दोन तासांनी उतरवता येतं. विमानात बसणं सव्वा तासच, पण उजळाईवाडीला थेट दारातून विमानात शिरायची सोय गृहीत धरू नका. एटीआरला मागच्या दाराने, लहान जिन्याने चढावं लागतं. चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा, ऐनवेळी धावपळ होते. आणि सामान: देशांतर्गत साध्या तिकिटावर माणशी १५ किलो आणि हातात ७ किलो. लेकीला हळद, बेदाणे, भडंग आणि ज्वारीचं पीठ न्यायचंय ना? मग त्या १५ किलोचा हिशोब आजच मांडा. गाडीच्या डिकीला कुणी वजनकाटा लावत नाही.

माझ्या घरचं असतं तर मी काय केलं असतं? सासूबाईंना लांब बसणं सोसत असेल तर चौघंही गाडीने. सोसत नसेल तर त्या आणि तुम्ही विमानाने, बाप-लेक सामान घेऊन गाडीने. ते पहाटे पाचला निघाले आणि तुमचं विमान दुपारचं असेल, तर तुम्ही शमशाबादला उतराल तेव्हा ते तुम्हाला घ्यायला हजर असतील. विमानाच्या वेळा हंगामागणिक बदलतात, त्यामुळे आधी तिकीट बघा आणि मग गाडीवाल्याला तारीख द्या. उलटं करू नका.

राहिला तुमच्या गाडीवाल्याचा प्रश्न. एकदा एक गृहस्थ माझ्याकडे ४२० चा कागद छापून घेऊन आले होते. म्हणाले, जाऊन-येऊन ८४० होतात, तुम्ही हजाराच्या वर कसे लावता? मी वही पुढे केली. पटेना. शेवटी म्हटलं, साहेब, तुम्ही ८४० मध्ये जाऊन दाखवा, डिझेल माझं. तुमच्या गाडीवाल्याचे ११०० रास्त आहेत. ५१० दुणे १०२०, आणि तीन दिवसांत तिकडे फिरायला ७०-८० किलोमीटर सहज लागतात. आपल्याकडे दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरायची पद्धत आहे, म्हणजे तीन दिवसांचे ९०० तो कमी धावला तरी घेणारच. विचारायचं ते हे: मोजणी तुमच्या दारापासून की त्याच्या गॅरेजपासून, टोल आणि चालकाचा भत्ता धरून की वेगळा, आणि चालकाच्या मुक्कामाची सोय कोणी करायची. निघताना काट्याचा फोटो काढा, त्याच्यासमोरच काढा, राग येत नाही कुणाला. टायर झिजलेले असतील तर काटा शंभराला एखादा-दुसरा किलोमीटर जास्त दाखवतो, तेवढ्यावरून भांडू नका. आलाच ११३० आकडा तर समजा की लेकीने चारमिनार दाखवायला नेलं होतं.